डोळ्यांची निगा, पेटीतल्या बाळापासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोळा दुखू लागला की माणूस लगेच दवाखाना गाठतो. दिसणे कमी होऊ लागले तर मात्र पुष्कळदा गाठत नाही, कारण एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा इतक्या बेमालूमपणे भरून काढतो की ती त्या माणसाच्या लक्षातही येत नाही. माझ्या वडिलांचा उजवा डोळा जवळजवळ गेला आहे हे घरात कळले ते एका अपघाताने. खळ्यावर ज्वारी उफणताना त्यांच्या डाव्या डोळ्यात भूस गेले, त्यांनी तो डोळा तळहाताने झाकून घेतला आणि भर दुपारी विचारले, "आभाळ आलंय का रे?" तो काचबिंदू होता आणि कित्येक वर्षे निमूटपणे वाढत आला होता. पुढे मी नेत्रतपासणीच्याच कामाला लागलो. त्या खोलीत रोज कानांवर पडणारे प्रश्न येथे साधारण वयाच्या क्रमाने घेतले आहेत. दोन्ही डोळे वेगवेगळे तपासा, ही एक सूचना त्यांत पुन्हा पुन्हा येईल. तेवढी पुनरुक्ती वाचकांनी चालवून घ्यावी.

प्रश्न : आमचे बाळ सातव्या महिन्यात जन्मले आणि तीन आठवडे पेटीत होते. आता ते चांगले बाळसे धरत आहे. तरीही डोळे तपासायला हवेत का?

होय, आणि त्यात एक दिवसही दवडू नये. पोटात असताना डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्या मध्यभागाकडून कडांकडे वाढत जातात आणि ही वाढ साधारण नऊ महिने भरता भरता पूर्ण होते. बाळ आधीच जन्मले तर ती अर्धवट राहते, तेथे नको तशा नाजूक रक्तवाहिन्या उगवतात, आणि पुढे त्यांच्या ओढीने पडदाच जागचा सुटू शकतो. बाहेरून पाहणाऱ्याला डोळा अगदी निर्मळ दिसतो, त्यामुळे घरच्यांना शंकाही येत नाही. भारतात ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत करावी, असे ठरलेले आहे; बाळ २८ आठवड्यांपूर्वीचे किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे असेल तर ती दोन ते तीन आठवड्यांतच करावी लागते. उपचाराची गरज निघाली तर लेझर किंवा डोळ्यातील इंजेक्शन दोन-तीन दिवसांत द्यावे लागते. पहिली तपासणी ठीक निघाली म्हणून थांबता येत नाही; रक्तवाहिन्यांची वाढ पूर्ण झाल्याचे डॉक्टर सांगेपर्यंत एक-दोन आठवड्यांनी पुन्हा जावे लागते.

आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना घराबाहेर पडू देत नाहीत आणि नेमकी तीच मुदत या तपासणीची असते. अशा वेळी बाळाला आजी किंवा मावशी घेऊन आली तरी तपासणी होते.

प्रश्न : बाळाच्या डोळ्यांत काजळ घालावे का?

नको. घरी तुपाच्या दिव्यावर धरलेले असो की बाजारातले, काजळाने डोळे मोठे होत नाहीत आणि नजरही तेज होत नाही. बाजारातील काही काजळांत आणि सुरम्यांत शिसे आढळले आहे, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. घरच्या काजळात शिसे नसले तरी घालणाऱ्याचे बोट आणि नखातला मळ डोळ्यात जातोच. दृष्ट लागण्याची काळजी असेल तर तीट कपाळाच्या कडेला किंवा तळपायाला लावावी; एवढ्यावर आजींची समजूत पटते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : बाळाच्या एका डोळ्यातून सारखे पाणी येते आणि चिपडे धरतात. काय करावे?

बहुतेक वेळा अश्रू नाकात उतरण्याची बारीक नळी पूर्ण उघडलेली नसते. नाकाच्या बाजूने, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर करंगळीने वरून खाली हलका दाब देण्याची रीत डॉक्टरांकडून हातानिशी शिकून घ्यावी. वर्षभरात बहुसंख्य बाळांची नळी आपोआप उघडते. डोळ्यात आईचे दूध पिळू नये. मात्र पाणी येण्याबरोबर बाळ उजेडाला डोळे घट्ट मिटत असेल आणि बुबुळ मोठे किंवा धुरकट दिसत असेल, तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. तेथे मालिश करत बसू नये, त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ गाठावा.

प्रश्न : मोबाइलवर काढलेल्या फोटोत मुलाची एक बाहुली लाल न दिसता पांढरी दिसते. कॅमेऱ्याचा दोष असेल का?

असेलही, पण तसे गृहीत धरू नये. बाहुलीतून पांढरी झाक दिसणे हे जन्मजात मोतीबिंदूचे किंवा पडद्याच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते, आणि दोन्हींत उशीर फार महागात पडतो. तो फोटो जपून ठेवून डॉक्टरांना दाखवावा.

प्रश्न : मुलगी किंचित तिरळे पाहते. सासूबाई म्हणतात, हा भाग्याचा तिरळेपणा आहे, मोठेपणी आपोआप जाईल.

जन्मानंतरचे पहिले तीन-चार महिने बाळाचे डोळे अधूनमधून इकडेतिकडे होतात, ते चालते. नाकाचे मूळ रुंद असल्यामुळे काही बाळे नुसती तिरळी भासतात. या दोन गोष्टी सोडल्या तर एक डोळा आत किंवा बाहेर वळणे हे भाग्याचे लक्षण नाही आणि ते आपोआपही जात नाही. दोन डोळ्यांकडून दोन वेगळी चित्रे येऊ लागली की मेंदू वळलेल्या डोळ्याचे चित्र सोडून देतो. काही वर्षांत तो डोळा निरोगी असूनही पाहायला शिकतच नाही. यालाच आळशी डोळा म्हणतात. त्याचा दुसरा प्रकार अधिक फसवा असतो. दोन्ही डोळे सरळ असतात, पण एकाचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असतो, आणि मूल चांगल्या डोळ्यावर सगळे निभावून नेत असल्याने आईवडील, बाई आणि खुद्द ते मूल यांतील कोणालाच काही कळत नाही.

अशी मुले तपासताना एक गोष्ट हमखास घडते. अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवून चांगला डोळा झाकला की मूल मान वळवते, आईचा हात बाजूला सारते, बोटांच्या फटीतून पाहते, आई त्याला ओरडते, "सरळ बस, दंगा करू नकोस." तो दंगा नसतो. घरीही हे करून पाहता येते. खेळणे दाखवत तळहाताच्या खळग्याने, डोळ्यावर दाब न देता, आधी एक आणि मग दुसरा डोळा झाकावा. एक झाकल्यावर मजेत राहणारे मूल दुसरा झाकताच किरकिर करू लागले, तर उघड्या राहिलेल्या डोळ्याने त्याला कमी दिसत असण्याची शक्यता आहे.

उपचार स्वस्त आहे, पण चिकाटीचा आहे: योग्य चष्मा, आणि चांगल्या डोळ्यावर दिवसातील काही तास पट्टी, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावेच लागते. सात-आठ वर्षांपर्यंत याचा उत्तम उपयोग होतो, त्यानंतर तो घटत जातो. म्हणून शाळेत घालण्यापूर्वी, तिसऱ्या-चौथ्या वर्षी, प्रत्येक मुलाचे दोन्ही डोळे स्वतंत्रपणे तपासलेले असावेत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येतात. त्या दिवशी मुलाची दांडी पडू देऊ नये.

प्रश्न : अंगणवाडीत देतात ते 'अ' जीवनसत्त्वाचे गोड औषध आवश्यक आहे का?

आहे. पहिला डोस नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लशीबरोबर १ लाख युनिटचा, आणि नंतर दर सहा महिन्यांनी २ लाख युनिटचा, असे पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ डोस असतात. त्याच्या अभावाने आधी रातांधळेपणा येतो, म्हणजे तिन्हीसांजेला मूल अंगणात ठेचकाळू लागते. मग डोळ्याचा पांढरा भाग कोरडा पडतो आणि शेवटी बुबुळ मऊ पडून डोळाच जाऊ शकतो. गाजराची कीर्ती मोठी आहे, पण शेवग्याचा पाला, पालक, पिकलेली पपई, आंबा, अंडी यांतूनही हे जीवनसत्त्व मिळते, आणि शेवगा तर परसातच असतो. आहार चांगला असलेल्या मुलाला गाजरे कितीही खाऊ घातली तरी चष्म्याचा नंबर कमी होत नाही.

प्रश्न : चष्मा लावला की नंबर वाढत जातो, हे खरे आहे का?

खरे नाही, पण हा समज का रुजला हे समजण्यासारखे आहे. जन्मतः डोळ्याची लांबी सुमारे १७ मिलिमीटर असते आणि मोठेपणी ती २३ ते २४ मिलिमीटर होते. काही मुलांत ही वाढ योग्य जागी थांबत नाही; डोळा गरजेपेक्षा लांबट होतो, आणि दर जादा मिलिमीटरला साधारण अडीच ते तीन नंबर उणे चढतो. ही वाढ शाळेच्या वयात होत असल्याने चष्मा लागल्यानंतरही नंबर वाढतच राहतो आणि ठपका चष्म्यावर येतो. मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिल्याने ही वाढ थांबत नाही. फळा तेवढा धूसर दिसतो.

ही जादा वाढ मुळात सुरूच होऊ नये यासाठी आज हाती असलेला सर्वांत साधा उपाय म्हणजे उघड्यावरचा उजेड. रोज सुमारे दोन तास मूल घराबाहेर असले तर लघुदृष्टी, म्हणजे हा उणे नंबर, सुरू होण्याची शक्यता घटते. ढगाळ दिवशीसुद्धा अंगणातला उजेड वर्गातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो. त्या वेळेत त्याने क्रिकेट खेळावे की नुसते भटकावे, याला महत्त्व नाही. पुस्तक कोपरापासून मुठीइतक्या अंतरावर धरावे. याखेरीज अल्प मात्रेतील ॲट्रोपिनचे थेंब आणि खास बनावटीचे चष्मे मिळतात. काही मुलांत त्यांनी नंबर वाढण्याचा वेग मंदावतो, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वापरावेत. आणि मुलाचा पहिला नंबर दुकानातल्या कॉम्प्युटरवर काढून भागत नाही. मुले नकळत डोळ्याच्या आतल्या स्नायूवर जोर देतात आणि नंबर चुकीचा येतो; त्यासाठी थेंब घालून, तो स्नायू सैल करूनच तपासावे लागते.

प्रश्न : लहान मुलांना मोबाइल किती वेळ द्यावा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशींनुसार दोन वर्षांखालील मुलांना मुळीच नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून अधिक नको. घास भरवताना समोर धरलेला मोबाइलही यातच मोजावा.

प्रश्न : दिवसभर कॉम्प्युटरवर काम असते. निळ्या प्रकाशापासून वाचवणारा चष्मा घ्यावा का?

त्यावर खर्च करू नये, असे माझे मत आहे. या विषयावरील अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा कॉक्रेन संस्थेने २०२३ मध्ये घेतला; अशा काचांनी डोळ्यांचा शीण कमी होत असल्याचे त्यात दिसले नाही. कॉम्प्युटरच्या पडद्याकडे टक लावून पाहताना आपण पापण्या मिटायचे विसरतो, हे खरे कारण आहे. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा मिटणारी पापणी कामाच्या नादात त्याच्या निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. अश्रूंचा थर सुकतो आणि चुरचुर सुरू होते. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहावे, मुद्दाम पापण्या मिटाव्यात, एसीचा झोत तोंडावर घेऊ नये आणि पडदा डोळ्यांच्या पातळीच्या थोडा खाली ठेवावा. पुण्यातील आयटीतली मंडळी माझ्याकडे येतात ती बहुधा थेंब मागायला. त्यांतील निम्म्यांच्या टेबलाची उंचीच चुकलेली असते.

प्रश्न : लग्नापूर्वी चष्मा घालवण्यासाठी लेझर करून घ्यावे का?

वय १८ पूर्ण, नंबर किमान वर्षभर स्थिर आणि बुबुळाची जाडी व आकार तपासणीत योग्य, या तिन्ही अटी पुऱ्या होत असतील तर विचार करता येतो. तारीख मात्र मुहूर्ताच्या आदल्या आठवड्यातली नको. लेझर केले तरी पुढे चाळिशी लागायची ती लागतेच. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी त्या घालून झोपू नये आणि नळाच्या पाण्याने धुऊ नयेत. पाण्यातील अकांथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव बुबुळात शिरला तर उपचार अनेक महिने चालतात.

प्रश्न : शेतात काम करताना उसाची पात डोळ्याला लागली. मेडिकलमधून थेंब आणून घातले तर चालेल का?

चालणार नाही, ग्रामीण महाराष्ट्रात डोळे गमावण्याची ही एक नेहमीची वाट आहे. पात, पाचट, भाताचे कुसळ यांच्याबरोबर बुरशीही बुबुळात शिरते. पहिले दोन-तीन दिवस थोडे खुपते, थोडी लाली असते आणि ऊसतोडीचा हंगाम असल्याने खाडा परवडत नाही. मग दुकानातून थेंब येतात, आणि त्यांत स्टिरॉइड असले तर लाली व ठणका तात्पुरता ओसरतो, पण आतली बुरशी त्याच औषधावर पोसली जाते. आठवड्याभराने रुग्ण येतो तेव्हा बुबुळावर भुरकट पांढरा डाग असतो आणि त्याच्या कडा कापूस पिंजल्यासारख्या पसरलेल्या असतात. बुरशीवर वेगळे औषध असते, ते तासातासाला आणि कित्येक आठवडे घालावे लागते, आणि जखम भरली तरी मागे फूल राहू शकते. दोन दिवसांचा खाडा यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

डोळ्यात काही गेले तर चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावे. जिभेने, पदराच्या टोकाने किंवा काडीने कुसळ काढणाऱ्या जाणत्या बाईकडे जाऊ नये. मध, एरंडेल, गुलाबपाणी यांतील काहीही घालू नये. रुतलेली वस्तू स्वतः ओढून काढू नये. डोळ्यावर दाब न येईल अशी वाटी किंवा कागदी कपाचा तळ ठेवून दवाखाना गाठावा.

चुन्याबद्दल वेगळे सांगायला हवे. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी किंवा नळी मुले दाबून फोडतात आणि चुना उडून थेट डोळ्यात जातो. चुना आम्लापेक्षाही वाईट, कारण तो थरामागून थर आत जात राहतो. डॉक्टर शोधण्याआधी जेथे असाल तेथेच नळाखाली किंवा कळशीने किमान पंधरा मिनिटे, शक्यतो अर्धा तास, पापण्या उघड्या धरून डोळा धुवावा, दिसणारे कण कापसाने टिपावेत, आणि मगच निघावे. मूल किंचाळेल, तरी थांबू नये.

प्रश्न : डोळे आलेल्या माणसाकडे पाहिल्याने आपलेही डोळे येतात का?

पाहिल्याने येत नाहीत. हात, टॉवेल, उशी आणि मोबाइल यांतून येतात. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीकडून सुरू झालेली साथ राज्यभर पसरली, तिच्यामागे बहुतांशी विषाणू होते. अशा वेळी हात धुणे आणि आठवडाभर घरी राहणे हाच मुख्य इलाज असतो. काळा चष्मा उजेडाचा त्रास कमी करतो, संसर्ग अडवत नाही. दुखणे वाढले किंवा दिसणे अंधूक झाले तर मात्र तपासून घ्यावे.

प्रश्न : गरोदरपणात नंबर बदलतो का?

किंचित बदलू शकतो आणि बाळंतपणानंतर बहुधा पूर्ववत होतो. नवा चष्मा करण्याची घाई करू नये. डोळ्यांपुढे काजवे चमकणे किंवा अंधारी येणे, आणि सोबत डोके दुखणे, हे रक्तदाब वाढल्याचे लक्षण असू शकते. त्यासाठी त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञांकडे जावे. आधीपासून मधुमेह असलेल्या स्त्रीने पहिल्या तीन महिन्यांतच पडदा तपासून घ्यावा.

प्रश्न : चाळिशी टाळता येते का?

येत नाही. मराठीने या चष्म्याला वयाचेच नाव देऊन टाकले आहे, यात सर्व आले. डोळ्यातील भिंग हळूहळू ताठर होते. सुईत दोरा ओवताना हात लांब जाऊ लागतो, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचायला उजेडाकडे जावे लागते. चाळिशीच्या सुरुवातीला साधारण अधिक १ असलेला नंबर साठीपर्यंत अधिक २.५ च्या आसपास जाऊन थांबतो. रस्त्यावर मिळणारा तयार चष्मा डोळ्यांना अपाय करत नाही, पण त्याच्या दोन्ही काचा सारख्या नंबरच्या असतात आणि दोन्ही डोळे तसे क्वचितच असतात. त्याहून मोठा तोटा असा की तपासणीची एक चांगली संधी हुकते. चाळिशीच्या निमित्ताने आलेल्या माणसाच्या डोळ्यांचा दाब आणि दृष्टीची नस पाहता येते, आणि काचबिंदू वेळेवर सापडतो तो असाच. वाहन परवान्यासाठी चाळिशीनंतर डॉक्टरांचा दाखला लागतो, तो म्हणजे ही तपासणी नव्हे.

प्रश्न : मधुमेह आहे, पण दिसायला स्वच्छ दिसते. तरी दरवर्षी कशाला यायचे?

स्वच्छ दिसते तेव्हाच यायचे असते. साखरेमुळे पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात, पण पडद्याच्या ज्या मधल्या ठिपक्याने आपण वाचतो तेथवर हा बिघाड पोचेपर्यंत अक्षर अन् अक्षर दिसत राहते. प्रौढपणी जडणाऱ्या मधुमेहात निदान झाल्याबरोबर आणि नंतर दरवर्षी पडदा तपासावा, कारण निदानापूर्वी साखर किती काळ वाढलेली होती हे कोणालाच ठाऊक नसते. बालपणीच्या मधुमेहात साधारण पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासतात. नंबर काढणे म्हणजे पडदा तपासणे नव्हे. बाहुली मोठी करणारे थेंब घालून किंवा खास कॅमेऱ्याने तो पाहावा लागतो. थेंबांनंतर चार-सहा तास धूसर दिसते, म्हणून दुचाकी घेऊन येऊ नये, सोबत कोणी असावे. साखर खूप वरखाली होत असेल तर चष्म्याचा नंबरही बदलत राहतो. ती काबूत आल्यावरच चष्मा करावा.

प्रश्न : मोतीबिंदू वाढून काचबिंदू होतो का?

नावे जुळी असल्याने हा गोंधळ होतो. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील भिंग गढूळ होणे. ते बदलले की दृष्टी परत येते. काचबिंदूत मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस, बहुधा डोळ्याच्या वाढलेल्या दाबाने, झिजत जाते आणि गेलेली दृष्टी कोणत्याही ऑपरेशनने परत येत नाही. फार पिकलेल्या मोतीबिंदूने दाब वाढू शकतो, एवढाच त्यांचा थेट संबंध. डोळ्याचा नेहमीचा दाब पाऱ्याच्या मापाने १० ते २१ मिलिमीटर असतो, पण त्या मर्यादेतही काचबिंदू होतो, म्हणून नुसता दाब मोजून निश्चिंत होता येत नाही; नस पाहावी लागते आणि कडेची नजर तपासावी लागते. कडेची नजर आधी जाते. समोरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस दाराच्या चौकटीला खांदा आपटत असतो आणि त्याचे खापर वयावर फोडतो.

आई, वडील किंवा भावंड यांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर चाळिशीची वाटही पाहू नये. वडिलांचे निदान झाल्यावर आम्ही तिन्ही भावंडांनी तपासून घेतले. एकाचे थेंब तेव्हापासून चालू आहेत. हे थेंब जन्मभर घालायचे असतात, आणि बाटली संपली, बरे वाटते, म्हणून ते बंद करणारे रुग्ण दर आठवड्याला भेटतात. थेंब घालण्याचीही एक रीत आहे. मान मागे टेकवावी, खालची पापणी ओढून तयार झालेल्या खोबणीत एकच थेंब सोडावा, डोळा हलकेच मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटे दाबून धरावा, आणि दुसरे औषध पाच मिनिटांनी घालावे. आमच्या वडिलांचे निम्मे औषध गालावरून ओघळून बंडीच्या कॉलरवर जात असे, आणि दाब का उतरत नाही याचा विचार डॉक्टर करत बसत.

प्रश्न : मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबावे का? आणि ऑपरेशन थंडीतच करावे का?

दोन्ही समज एके काळी सकारण होते. पूर्वी मोठा छेद घेऊन आख्खे भिंग बाहेर काढत, टाके घालत, जाड भिंगाचा चष्मा देत. एवढ्या खटाटोपात कच्च्या मोतीबिंदूला हात लावण्यात अर्थ नव्हता, आणि शिबिरेही हिवाळ्यातच भरत. कृत्रिम भिंग डोळ्यात बसवण्याची सुरुवात हॅरॉल्ड रिडले यांनी १९४९ मध्ये लंडनमध्ये केली आणि भिंग ध्वनिलहरींनी फोडून शोषून घेण्याची फेको पद्धत चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये आणली. आज तीन मिलिमीटरहून लहान छेदातून भिंग विरघळवून काढतात. आता अति पिकलेला, कडक झालेला मोतीबिंदूच काढायला अवघड जातो. वाचन, स्वयंपाक, रात्रीचा रस्ता यांत अडचण येऊ लागली की ऑपरेशनची वेळ झाली, मग महिना जेठ असो की पौष. थेंबांनी मोतीबिंदू विरघळत नाही. तशा जाहिरातींना बळी पडू नये.

भिंगाच्या किमतींबद्दल रुग्ण फार संकोचाने विचारतात. साधे भिंग घालून लांबचे उत्तम दिसते, जवळच्यासाठी चष्मा लागतो. महागड्या बहुकेंद्री भिंगाने चष्म्याची गरज कमी होते, पण रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. महाग भिंगाने जास्त स्वच्छ दिसते, असे नाही. १९७६ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया भिंगासह मोफत होते, आणि ती घेण्यात कमीपणा नाही. ऑपरेशननंतर डोळा दुखू लागला, लाल झाला, दिसणे कमी झाले, तर त्याच दिवशी परत जावे. 'उद्या बघू' तेथे चालत नाही. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर झाले, तर मोतीबिंदू परत आलेला नसतो. भिंगामागची झिल्ली गढूळलेली असते आणि लेझरने ती काही मिनिटांत मोकळी होते.

प्रश्न : इतर आजारांच्या औषधांचा डोळ्यांवर परिणाम होतो का?

काहींचा होतो. क्षयरोगावरील इथॅम्ब्युटॉलने क्वचित दृष्टीच्या नसेला इजा होते. लाल-हिरवा रंग फिका वाटू लागला किंवा दिसणे कमी झाले, तर तत्काळ डॉक्टरांना सांगावे. संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्यांनी सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी पडदा तपासावा. स्टिरॉइड, मग ते थेंब असोत की गोळ्या, दीर्घकाळ घेतल्यास मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्ही होऊ शकतात.

प्रश्न : डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगतात. घाबरण्यासारखे आहे का?

जुने, मोजके ठिपके असतील तर बहुधा नाही. पण एकाएकी ठिपक्यांचा पाऊस पडू लागला, कडेला विजेसारखी चमक दिसली, किंवा एका बाजूने पडदा सरकत आल्यासारखे झाले, तर डोळ्याचा पडदा फाटत किंवा सुटत असू शकतो. त्याच दिवशी दाखवावे. एका डोळ्याने अचानक दिसेनासे झाले आणि मिनिटाभरात परत दिसू लागले, तर आनंद न मानता दवाखाना गाठावा, कारण तो अर्धांगाच्या झटक्याचा इशारा असू शकतो.

प्रश्न : ८० वर्षांच्या आजोबांना कमी दिसते, आणि अलीकडे ते म्हणतात की ओसरीवर फेटेवाली माणसे बसलेली दिसतात. बाहेरचे काही असेल का?

बाहेरचे काही नाही, आणि बहुधा वेडही नाही. दृष्टी बरीच कमी झाली की मेंदू रिकामी जागा स्वतःच चित्रे काढून भरू लागतो. शार्ल बोने या स्विस निसर्गशास्त्रज्ञाने १७६० मध्ये आपल्याच आजोबांच्या बाबतीत हे नोंदवले आणि त्या अवस्थेला त्याचेच नाव मिळाले. ही माणसे बोलत नाहीत, आणि आजोबांना ती खरी नसल्याचे सहसा समजते. वेड्यात काढतील या धास्तीने ते सांगत नाहीत एवढेच. त्यांना शांतपणे हे समजावून सांगितले की निम्मा त्रास संपतो. चित्रांबरोबर आवाजही येत असतील किंवा गोंधळलेपण असेल, तर वेगळी तपासणी लागते.

मूळ दृष्टी का कमी झाली, हेही शोधावे. दाराची चौकट किंवा फरशीची रेघ मध्येच वाकडी दिसत असेल, तर पडद्याचा मधला ठिपका वयोमानाने बिघडत असतो. त्याच्या एका प्रकारात डोळ्यातील इंजेक्शनांनी दृष्टी राखता येते, पण ती वेळेवर सुरू व्हावी लागतात. चौकटीकडे एकेक डोळा झाकून पाहावे, हे येथेही आलेच. तंबाखू ओढणाऱ्यांना हा आजार अधिक होतो. घरात न्हाणीघराच्या वाटेवर रात्रभर दिवा ठेवावा आणि उंबरठ्याला पांढरा पट्टा मारावा.

प्रश्न : मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्या, मधुमेह असलेल्या वृद्धाचे नेत्रदान करता येते का?

येते. चष्मा, मोतीबिंदू, मधुमेह, रक्तदाब, वय यांपैकी काहीच आड येत नाही, कारण उपयोगात येते ते पुढचे बुबुळ. रेबीज, एड्स, कावीळ किंवा रक्तातील विषबाधा यांनी मृत्यू झाला असेल तर मात्र घेत नाहीत. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवून ते काढले जावे लागते. तोवर मृताच्या पापण्या मिटाव्यात, वर ओल्या कापसाच्या घड्या ठेवाव्यात, पंखा बंद करावा आणि डोक्याखाली उशी द्यावी. पथक घरी येऊन १५ ते २० मिनिटांत काम आटोपते, चेहरा विद्रूप होत नाही आणि अंत्यविधीला उशीरही होत नाही. हयातीत अर्ज भरलेला नसला तरी घरच्यांची संमती पुरते. माझ्या वडिलांचा उजवा डोळा काचबिंदूने गेलेला होता, पण बुबुळे दोन्ही डोळ्यांची स्वच्छ होती, आणि दोन्ही घेतली गेली.